मोटार-शर्यत : खेळ, धंदा आणि जिवाचे मोल

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

नरडाणा हे गाव दोन वाटांवर वसले आहे. एक सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि दुसरी वाट म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग. या महामार्गाला आपल्याकडे सगळे नुसते 'आग्रा रोड' म्हणतात. या रस्त्याने कांदा जातो, कापूस जातो, लोखंड आणि तेल जाते, हे आपण रोज पाहतो. परंतु १९६८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभी याच रस्त्याने एक जागतिक मोटार-शर्यत गेली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ मोटारी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराकडे निघाल्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी मजल मारीत त्या दिल्लीस आल्या आणि दिल्लीहून आग्रा-इंदूर मार्गाने मुंबईस गेल्या. इंदूरहून मुंबईला जाणाऱ्याने सेंधव्याचा घाट उतरला की पळासनेर, शिरपूर, तापी, नरडाणा, सोनगीर, धुळे हीच वाट. मुंबईस ७२ मोटारी पोचल्या. तेथून त्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या आणि शर्यत पुढे सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात ल्यूसियाँ बियांकी हा बेल्जियमचा शर्यतपटू आघाडीवर होता. सिडनी शंभरेक मैलांवर राहिली असता समोरून आलेल्या एका लहान मोटारीशी त्याच्या मोटारीची टक्कर झाली. गाडी त्या वेळी त्याचा साथीदार चालवीत होता. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्क याने स्वतःच्या विजयाची आशा सोडून जखमींसाठी गाडी थांबवली. शर्यत अँड्र्यू कॉवन याने जिंकली.

बियांकी बरा झाला, पण पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९६९ रोजी, फ्रान्समधील ल माँ येथे सराव करताना त्याची मोटार खांबावर आदळली आणि तो गेला. पुढे त्याच्या भावाचा नातू ज्यूल बियांकी हाही शर्यतपटू झाला. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे भर पावसात त्याची मोटार घसरली आणि मैदानातील दुसरी बंद पडलेली गाडी उचलण्यासाठी आलेल्या यंत्रावर जाऊन आदळली. नऊ महिने बेशुद्धावस्थेत काढून १७ जुलै २०१५ रोजी त्याने प्राण सोडला.

एकाच घरातील या दोन मृत्यूंमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात मोटार-शर्यतीच्या धंद्यात काय बदलले आणि काय बदलले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मोटार-शर्यत हा श्रीमंतांचा शौक, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आग्रा रोडवरूनच जातो. पण आधी शर्यतीकडे पाहू.

वेगाचे गणित

कला शाखेच्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञानाचे वावडे असते, तरी एक नियम समजून घेणे भाग आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, ती चौपट होते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणे आणि सुमारे ३२ मीटर उंचीवरून, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे सारखेच. ताशी ६० ऐवजी ९० चा वेग घेतला तर वेग दीडपट होतो, पण आघात सव्वादोनपट होतो. 'जरासाच वेग वाढवला होता' या वाक्यातील 'जरासा' हा शब्द किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

फॉर्म्युला वन या सर्वांत वरच्या दर्जाच्या शर्यतीत मोटारी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातात. अशा वेगात माणूस वाचवायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतात. आघाताची शक्ती माणसापर्यंत पोचण्यापूर्वीच दुसरीकडे खर्च करायची. माणूस जागच्या जागी घट्ट धरून ठेवायचा. आणि मदत मिनिटांत नव्हे, सेकंदांत पोचवायची. मोटार-शर्यतीच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास या तीन वाक्यांत मावतो. मात्र यातील एकेक वाक्य लिहिण्यासाठी माणसे मरावी लागली.

मृत्यूनंतरचे शहाणपण

१९०३ साली पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत वाटेत बोर्दो येथेच थांबवावी लागली. उघड्या रस्त्यावर, धुळीच्या लोटांत, प्रेक्षक आणि शर्यतपटू दोघेही मरत होते. रेनो या प्रसिद्ध मोटार-कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो त्यातच गेला. एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंतच्या अशा शर्यती त्यानंतर ओसरल्या आणि बंदिस्त मार्गावरच्या शर्यतींचे युग आले.

बंदिस्त मार्ग म्हणजे सुरक्षित मार्ग नव्हे, हे ११ जून १९५५ रोजी ल माँ येथे दिसून आले. पिएर लेव्हेग याची मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली आणि ती कित्येक दशके टिकली.

फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली. हेल्मेट सक्तीचे झाले १९५२ साली आणि आसनाचा पट्टा १९७२ साली! मधली कित्येक वर्षे शर्यतपटू पट्ट्यावाचून पळत होते. जळत्या गाडीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असे त्यांतील बरेच जण मानीत. गाडीला पेट घेऊ न देण्याची सोय नव्हती, म्हणून माणसाला बांधून ठेवण्याचीही नव्हती.

हे चित्र पालटण्यास ज्याने तोंड उघडले तो म्हणजे स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात त्याची मोटार मार्ग सोडून गेली. वाकलेल्या गाडीत, अंगावर पेट्रोल सांडत असता, तो सुमारे २५ मिनिटे अडकून पडला होता. त्याला सोडवले ते दोघा सहस्पर्धकांनी, एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून! रुग्णवाहिका, वैद्य, अग्निशमन यांपैकी काही धड नव्हते. त्यानंतर स्ट्यूअर्टने मार्गाच्या कडेला लोखंडी कठडे, वैद्यकीय पथक, पट्टे यांसाठी आग्रह धरला. त्याला भित्रा म्हणून हिणवण्यात आले. तीन वेळा जगज्जेता झालेला माणूस भित्रा कसा, हा प्रश्न हिणवणाऱ्यांना पडला नाही. १९७३ साली त्याचा सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर सरावात मारला गेला आणि स्ट्यूअर्टने आपली शेवटची शर्यत न धावताच निवृत्ती घेतली.

त्याच वर्षी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसन उलट्या, पेटलेल्या गाडीत अडकला. डेव्हिड पर्ली या सहस्पर्धकाने आपली गाडी सोडून एकट्याने ती उलटवण्याचा प्रयत्न केला. जवळच उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर आगीत शिरता येईल असे कपडेच नव्हते. विल्यमसन गेला. १९७६ साली जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे निकी लाउडा जळत्या गाडीत सापडला. त्यालाही सहस्पर्धकांनीच बाहेर ओढले. त्याचा चेहरा कायमचा विद्रूप झाला, तरी सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला.

१९७८ साली इटलीतील मोंझा येथे रॉनी पीटरसन याच्या अपघातात वैद्यकीय मदत पोचण्यास फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या वर्षीच फॉर्म्युला वनचे वैद्यकीय प्रमुख झालेले शल्यविशारद सिड वॉटकिन्स यांनी मग एक पद्धत बसवून घेतली. शर्यतीच्या पहिल्या फेरीत सर्व मोटारींच्या मागोमाग एका वेगवान गाडीतून वैद्याने जायचे. पहिल्या फेरीत गर्दी असते, टकरी तेव्हाच अधिक होतात, हे त्यामागचे साधे कारण.

या साध्या नियमाचे फळ ४२ वर्षांनी दिसले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोझाँ याची मोटार लोखंडी कठडा भेदून आत शिरली, तिचे दोन तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. तो सुमारे २८ सेकंद ज्वाळांत होता. वैद्यांची गाडी मागेच असल्याने ती काही क्षणांत तेथे पोचली आणि ग्रोझाँ भाजलेल्या हातांनी स्वतः बाहेर आला. त्या दिवशी त्याला कोणी वाचवले, याचा हिशेब मांडला तर यादी मोठी होते. कार्बन तंतूंचा भक्कम सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये प्रथम १९८१ साली मॅकलॅरनच्या मोटारीत आला. मान जागच्या जागी धरणारे साधन २००३ साली सक्तीचे झाले. अमेरिकेतील लोकप्रिय शर्यतपटू डेल अर्नहार्ट २००१ साली गेला, त्यानंतर तेथील शर्यतींतही ते सक्तीचे झाले होते. आग सहन करणारा पोशाख होता. आणि डोक्यावर 'हेलो' होता.

हेलो म्हणजे बैठकीच्या वर बसवलेली टायटॅनियम धातूची जाड कमान. ती सुमारे १२ टनांचा भार सोसू शकते. २०१८ साली ती सक्तीची झाली तेव्हा गाडी कुरूप दिसते, खेळाची शोभा गेली, अशी ओरड झाली. विरोध करणाऱ्यांत स्वतः ग्रोझाँ होता! कठडा भेदताना त्याचे डोके याच कमानीमुळे वाचले, आणि नंतर त्याने ते मोकळेपणाने मान्य केले. ज्यूल बियांकीच्या अपघातातून आणखी एक नियम निघाला. २०१५ पासून अपघात होताच सर्व स्पर्धकांना एकाच वेळी ठरावीक मर्यादेपर्यंत वेग उतरवावा लागतो. शहाणपण आले, पण दर वेळी तिरडीच्या मागून आले.

पैसा : एकाला कोटी, अनेकांना उधारी

आता पैशाकडे वळू. शर्यतपटूंचे करार जाहीर होत नाहीत. अर्थविषयक नियतकालिके अंदाज छापतात. त्यांनुसार मॅक्स व्हर्स्टापेन याची एका वर्षाची कमाई सात कोटी डॉलरच्या वर, तर त्याच शर्यतीत धावणाऱ्या नवख्याची दहा लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. म्हणजे एकाच मैदानात, एकच धोका पत्करणाऱ्या दोघांच्या मोबदल्यात सत्तर पटींचे अंतर!

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. फॉर्म्युला वनमध्ये अनेक वर्षे अवघ्या २० जागा होत्या. २०२६ च्या हंगामापासून अकरावा संघ आल्याने त्या २२ झाल्या. जागा बावीस आणि इच्छुक जगभरचे. अशा बाजारात अव्वल माणसाला हवे ते मोल मिळते, कारण त्याच्यासारखा दुसरा नसतो. उरलेल्यांच्या जागी मात्र दुसरा कोणीही चालतो. म्हणून त्यांना पगार मिळण्याऐवजी त्यांनीच पैसे आणावेत, अशी रीत पडली. शर्यतपटू पुरस्कर्ता कंपनी घेऊन येतो आणि त्या पैशावर संघ आपला खर्च भागवतो.

या रीतीला कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही. निकी लाउडाने आपल्या उमेदवारीच्या काळात स्वतःच्या आयुर्विम्यावर बँकेचे कर्ज काढून संघात जागा मिळवली होती. आपल्याच मृत्यूच्या तारणावर घेतलेले हे कर्ज! पुढे तो तीनदा जगज्जेता झाला. मिखाएल शूमाकरची १९९१ सालची पहिली फॉर्म्युला वन शर्यतही मर्सिडीजने पैसे भरले म्हणूनच शक्य झाली. पण ज्यांची नावे आपण घेतो ते पार झालेले. कर्ज डोक्यावर घेऊन जे वाटेतच थांबले, त्यांची नोंद कोठे नाही. फॉर्म्युला वनच्या लगतच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, एका हंगामाचा खर्चच वीस कोटी रुपयांच्या वर जातो असे सांगतात. ज्याच्या घरी हा पैसा नाही त्याचे कौशल्य कोणी पाहातच नाही.

२०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा आली. त्या वर्षी ती १४.५ कोटी डॉलर होती. श्रीमंत संघांनी गरिबांना चिरडू नये हा हेतू. मात्र शर्यतपटूंचे मानधन या मर्यादेबाहेर ठेवले आहे.

पैशाचा आणि जिवाचा संबंध कोठे येतो, ते आता पाहावे. ज्याची जागा पक्की आहे तो 'गाडी ठीक नाही, मी थांबतो' असे म्हणू शकतो. ज्याची जागा उसनवारीची आहे त्याला हे म्हणणे परवडत नाही. ३० एप्रिल १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे ऑस्ट्रियाचा रोलांड रॅट्झेनबर्गर मारला गेला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याला एका छोट्या संघात पाच शर्यतींपुरती जागा मिळाली होती. आदल्या फेरीत मोटार मार्गाबाहेर जाऊन पुढच्या पंखाला धक्का लागला होता. पण प्रश्न शर्यतीस पात्र ठरण्याचा होता. थांबून तपासणी करण्याऐवजी त्याने पुढची फेरी घेतली आणि भर वेगात पंख तुटला. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर आयर्टन सेन्ना हा जगज्जेता गेला. साऱ्या जगाने सेन्नासाठी अश्रू ढाळले. रॅट्झेनबर्गरचे नाव आज किती जणांना आठवते?

एकजुटीचा प्रश्न

शर्यतपटूंची संघटना १९६१ साली स्थापन झाली आणि स्टर्लिंग मॉस तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९६९ साली स्पा येथील मार्ग सुधारल्याशिवाय धावणार नाही, असे शर्यतपटूंनी ठरवले आणि शर्यत रद्द झाली. १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत तर चक्क संप झाला. परवान्यावरील एका कलमामुळे शर्यतपटू आपल्या संघाशी जखडला जात होता. लाउडा व पिरोनी यांच्या पुढाकाराने बहुतेक सर्व जण एका हॉटेलच्या दिवाणखान्यात रात्रभर एकत्र राहिले. फूट पडू नये म्हणून दार आतून बंद केले. एलिओ दे आंजेलिस पियानो वाजवून सोबत्यांचा वेळ घालवीत होता. अखेर तडजोड झाली. परंतु त्याच वर्षी ही संघटना मोडली आणि ती पुन्हा उभी राहण्यास इमोलाचे दोन मृत्यू घडावे लागले.

या संदर्भात आपल्या देशाशी निगडित एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९ जून २००५ च्या अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शर्यतीपूर्वी मिशेलिन कंपनीचे टायर एका बाजूने उंचावलेल्या वळणावर टिकत नाहीत, असे सरावात आढळले. कंपनीने स्वतःच तसे कळवले. वळणाआधी वेग कमी करण्याची सोय करावी, ही सूचना नियामक संस्थेने नाकारली. तेव्हा तयारीची फेरी पूर्ण करून १४ मोटारी मैदानाबाहेर निघून गेल्या आणि सहाच मोटारींची शर्यत झाली. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. भारतीय शर्यतपटूला फॉर्म्युला वनमध्ये आजवर मिळालेले गुण तेवढेच. ते ज्या दिवशी मिळाले तो दिवस धोका नाकारणाऱ्या चौदा जणांचा होता, ही गोष्ट विसरू नये.

आपल्या देशात

भारतातील मोटार-क्रीडा संस्थांचा महासंघ १९७१ साली स्थापन झाला. मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली. कोइमतूरचा कार्तिकेयन २००५ मध्ये टाटांच्या साहाय्याने फॉर्म्युला वनमध्ये पोचला आणि २०१० साली चेन्नईचा करुण चांडोक. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईचा जेहान दारूवाला याने डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय. पुण्याच्या डायना पंडोले २०२४ साली मोटार-शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. १९७६ नंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकही स्त्री धावलेली नाही, हे लक्षात घेता या यशाचे मोल कळते. कोल्हापुरानेही या खेळाला माणसे दिली आहेत. पण मुंबई-पुणे-कोल्हापूर सोडून उर्वरित महाराष्ट्राचे नाव यात जवळजवळ नाही. कारण उघड आहे. हा खेळ शिकण्याचीच फी सामान्य शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक.

२०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. नंतर ती बंद पडली. कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली न्यायालयाने या व्यवहारातील उत्पन्नावर भारतात कर लागतो असा निर्णय दिला. हैदराबाद येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेच्या मोटारींची शर्यत झाली आणि पुढच्या वर्षीची रद्द झाली. चेन्नई येथे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शहराच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक रस्ते अशा खेळासाठी वापरावे काय, हा वाद प्रत्येक वेळी उठतो आणि तो उठणे योग्यच आहे.

पण त्याहून गंभीर प्रश्न जिवाचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असता बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली. शर्यतीच्या गाडीशी टक्कर होऊन तिच्यावरील एकाच कुटुंबातील तिघे ठार झाले. गाडी चालवणारा गौरव गिल याला महिन्याभरापूर्वीच अर्जुन पुरस्कार मिळाला होता. रस्ता बंद करणे म्हणजे कागदावर आदेश काढणे नव्हे. ज्या वाटेने गावकरी रोज ये-जा करतात ती वाट दोऱ्या बांधून बंद होत नाही. १९६८ साली बियांकीला जो अनुभव आला तोच पन्नास वर्षांनी या गरीब कुटुंबाच्या वाट्याला आला.

२०२३ च्या जानेवारीत चेन्नईजवळच्या मैदानावर के. ई. कुमार हा ५९ वर्षांचा जुना स्पर्धक गेला. त्याच मैदानावर ऑगस्टमध्ये बंगळूरचा एक १३ वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या शर्यतीत पडून मरण पावला. ज्या वयात कायदा दुचाकी चालवण्याचा परवाना देत नाही, त्या वयात शर्यत कशी, असा प्रश्न कोणीही विचारील. या खेळाचे जाणकार सांगतात की हे कौशल्य लहानपणीच अंगी बाणते. ते खरेही असेल. पण धोका पत्करण्याची संमती ही सज्ञान माणसाचीच असते. फॉर्म्युला वनमध्ये व्हर्स्टापेन २०१५ साली सतराव्या वर्षी उतरला, तेव्हा नियामकांनी पुढच्या वर्षापासून अठरा वर्षांची अट घातली. २०२४ मध्ये तिला अपवादही ठेवला. नियम आणि अपवाद यांची ही ओढाताण चालूच राहील.

शर्यतीपासून आग्रा रोडपर्यंत

आता आरंभी केलेल्या विधानाकडे येऊ. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली. त्यांतील सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यूंचे कारण अतिवेग असे सरकारी अहवालात नोंदले आहे. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांची संख्या ५०,०२९. फॉर्म्युला वनने जे शहाणपण १९५२ साली सक्तीने घेतले, ते आपल्या गावातील तरुण आजही पेट्रोलच्या टाकीवर टांगून नेतो.

४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला मालट्रक वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. शर्यतीच्या मैदानात जेथे उतार व वळण असते तेथे सुटलेली गाडी थांबावी म्हणून रेतीची मोकळी जागा सोडलेली असते, आणि प्रेक्षक तिच्या पलीकडे बसतात. आमच्या रस्त्यांवर नेमक्या त्याच जागी चहाची टपरी, बसथांबा आणि शाळेला जाणारी मुले असतात. चूक होणारच, गाडी घसरणारच, हे गृहीत धरून मैदान बांधायचे, हे शर्यतवाल्यांनी शिकून घेतले. आम्ही मात्र प्रत्येक अपघातानंतर चालकाला दोष देऊन मोकळे होतो.

आणि चालकाचे काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिले होते. पण खेपेवर पैसे मिळणारा चालक तास मोजीत बसला तर त्याचे घर चालत नाही. त्याच्या खेपा जितक्या जास्त तितकी मिळकत, आणि जितकी झोप कमी तितक्या खेपा जास्त. रॅट्झेनबर्गरने पंख न तपासता पुढची फेरी घेतली, त्याच न्यायाने हा मनुष्य डोळ्यांवर झापड असता पुढचा टोलनाका गाठतो. मोबदल्याची रीत माणसाला धोका घ्यायला लावते आणि अपघात झाला की आपण त्याला बेफिकीर म्हणतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार येथील शर्यतीत उष्म्याने शर्यतपटूंचे हाल झाले. एकाला हेल्मेटमध्येच उलटी झाली, एकाला शर्यत सोडावी लागली. या प्रकारानंतर २०२५ पासून अंग थंड ठेवणाऱ्या जाकिटाची सोय आली. जगाने तो प्रसंग दूरदर्शनवर पाहिला, म्हणून दोन वर्षांत उपाय निघाला. खानदेशच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून शेकडो मैल जाणाऱ्या चालकाकडे कोणी कॅमेरा वळवला नव्हता. तरीही १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांत चालकाच्या खोलीस वातानुकूलन सक्तीचे झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. जुन्या ट्रकांतील चालकांना मात्र त्याचा लाभ नाही, आणि रस्त्यावर जुनेच ट्रक अधिक आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्यास कडक शिक्षा देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला आणि ते कलम तूर्त लांबणीवर पडले. त्या कलमाची बाजू घेणे किंवा विरोध करणे हा निराळा विषय आहे. इतकेच ध्यानात घ्यावे की १९८२ साली एका हॉटेलात कोंडून घेतलेले शर्यतपटू आणि महामार्गाच्या कडेला गाड्या उभ्या करणारे हे चालक यांचे मूळ म्हणणे एकच होते. जो स्टिअरिंगवर बसतो त्याला विचारल्यावाचून त्याचे नियम ठरवू नका.

तात्पर्य, सुरक्षितता ही यंत्राची बाब जितकी आहे तितकीच ती मोबदल्याची आणि मानाची बाब आहे. ज्याला 'नाही' म्हणण्याची ऐपत आहे तोच सुरक्षित असतो. मोटार-शर्यतीतील माणसांनी ही ऐपत सत्तर वर्षांत, अनेक जिवांचे मोल देऊन, थोडीबहुत मिळवली. आपल्या महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थ्यांचे वडील, काका, भाऊ मालवाहतुकीच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी ही ऐपत कशी निर्माण होईल, याचा विचार करणे हे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे. आणि तोवर निदान एक गोष्ट तर प्रत्येकाच्या हातात आहे. टाकीवरचे हेल्मेट डोक्यावर घ्यावे.